उशाशी ठेवलेली बॅग : युद्धकाळातील रोजनिशी आणि आईवडिलांचे वाचन

रोजनिशी हा शब्द मराठीत मुळात दफ्तराचा आहे. पेशवाईतील रोजनिश्यांमध्ये हुकूम, नेमणुका, देणीघेणी आणि तंटे यांच्या दिवसवार नोंदी सापडतात. त्या नोंदी करणाऱ्या कारकुनाला त्या दिवशी काय वाटले याचा त्यांत मागमूस नसतो, आणि तो असावा अशी कोणाची अपेक्षाही नव्हती. ज्या रोजनिशीचा या पुस्तकात विचार केला आहे तिची जात निराळी आहे. ती खाजगी असते, म्हणजे निदान सुरुवातीला तरी दुसऱ्या कोणी वाचावी म्हणून लिहिलेली नसते. ती वयात येणाऱ्या मुलाची किंवा मुलीची असते, म्हणजे स्वतःचे मन स्वतःलाच नुकते कुठे कळू लागलेल्या माणसाची असते. आणि ती युद्धकाळातील असते, म्हणजे घर, शाळा, शेजार, खेळगडी हे वाढत्या वयाचे नेहमीचे आधार एकेक करून निखळत असताना लिहिलेली असते. अशी रोजनिशी इतिहासाचे साधन म्हणून वाचली जाते आणि साहित्य म्हणूनही वाचली जाते. आईवडिलांनी ती आईवडील या नात्याने वाचली तर त्यांच्या वागण्यात काय बदलू शकते, हा प्रस्तुत पुस्तकाचा विषय आहे.

हा विषय मराठी वाचकाला अगदी अनोळखी नाही, कारण आई आणि मूल यांच्या नात्याविषयी पुस्तकातून शिकण्याची सवय महाराष्ट्राला आहे. आईचे जे चित्र येथील अनेक पिढ्यांच्या मनात आहे ते बऱ्याच अंशी साने गुरुजींच्या ‘श्यामची आई’ने घडवले. मात्र ते पुस्तक गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिले, तेव्हा त्यांची आई हयात नव्हती आणि लिहिणारा तिशी ओलांडलेला होता. लहानपणीचे रुसवे, मार आणि अबोला या सगळ्यांवरून मधल्या वर्षांचा हात फिरून गेला होता आणि आईच्या रागामागचा जिव्हाळा मुलाला उमगला होता. रोजनिशी लिहिणाऱ्या मुलाला ही मधली वर्षे मिळालेली नसतात. दुपारी आईशी खटका उडाला की रात्री तो जसाच्या तसा कागदावर उतरतो, त्यात आईची बाजू नसते, आणि उद्या आपले मत बदलेल याची लिहिणाऱ्याला कल्पनाही नसते. स्मरणातून लिहिलेले पुस्तक आईवडिलांना आपण पुढे कसे आठवले जाऊ हे सांगते, तर रोजनिशी आपण आज रात्री मुलाला कसे दिसतो आहोत हे सांगते. दुसरी गोष्ट ऐकणे अधिक अवघड आहे, आणि म्हणूनच या पुस्तकाने तिची निवड केली आहे.

युद्धकाळात मुलांनी लिहिलेल्या रोजनिश्या पुष्कळ आहेत आणि त्या सगळ्या एकसारख्या बोलक्या नाहीत. प्रागमधील पेत्र गिन्झ या ज्यू मुलाने १९४१-४२ मध्ये लिहिलेल्या नोंदी अतिशय त्रोटक आहेत. शाळेतले आणि घरातले किरकोळ प्रसंग आणि ओळखीच्या कोणाला गावाबाहेर नेण्याचा हुकूम आला ही बातमी त्याच्या वहीत एकाच सुरात शेजारी शेजारी बसतात. साराजेव्होच्या झ्लाता फिलिपोविच हिने १९९१ मध्ये वही सुरू केली तेव्हा ती दहा वर्षांची होती, आणि काही महिन्यांतच तिच्या नोंदींमध्ये गाण्यांच्या आणि सहलींच्या जागी तोफगोळे व तळघर आले. या आणि अशा इतर वह्यांचा उल्लेख पुढे ठिकठिकाणी येईल. तथापि विवेचनाचा मुख्य आधार ॲन फ्रँकची रोजनिशी हाच आहे, आणि त्याचे कारण तिची कीर्ती हे नव्हे. या एकाच रोजनिशीच्या बाबतीत ती लिहिणारी मुलगी, ती लिहिली जात असताना शेजारी असलेले आईवडील, आणि ती पुढे वाचून जगासमोर ठेवणारा बाप, या तिन्ही बाजूंविषयी भरवशाची माहिती उपलब्ध आहे. पालकत्वाच्या अभ्यासाला इतकी पूर्ण सामग्री दुसऱ्या वहीने क्वचितच दिली असेल.

ॲनचा जन्म १२ जून १९२९ रोजी जर्मनीतील फ्रँकफुर्ट येथे झाला. नाझी सत्तेवर आल्यावर तिचे वडील ओटो, आई एडिथ आणि तीन वर्षांनी मोठी बहीण मार्गॉट यांच्यासह हे ज्यू कुटुंब हॉलंडमध्ये ॲमस्टरडॅमला येऊन राहिले, आणि ओटो यांनी तेथे जॅम घट्ट करण्यासाठी लागणाऱ्या पेक्टिनचा व्यवसाय उभा केला. मे १९४० मध्ये जर्मन फौजांनी हॉलंड व्यापल्यानंतर ज्यूंवरील बंधने वाढत गेली. मुलांना वेगळ्या शाळेत घालण्यात आले, सायकली जमा करून घेण्यात आल्या, कपड्यांवर पिवळी चांदणी लावणे सक्तीचे झाले. ५ जुलै १९४२ रोजी सोळा वर्षांच्या मार्गॉटला जर्मनीत श्रमछावणीत हजर होण्याचा हुकूम आला आणि दुसऱ्याच दिवशी हे कुटुंब प्रिन्सेनग्राख्त २६३ येथील ओटो यांच्या कचेरीच्या मागच्या भागात लपण्यासाठी गेले. कालव्यालगतच्या त्या जुन्या इमारती अरुंद आणि खोल असतात, आणि त्यांच्या पाठीमागच्या स्वतंत्र भागाला डच भाषेत ‘मागचे घर’ अशा अर्थाचा शब्द आहे. तोच पुढे रोजनिशीचे मूळ शीर्षक झाला. तेथे आणखी तिघांचे फान पेल्स कुटुंब आणि नंतर फ्रिट्झ फेफर नावाचे दंतवैद्य येऊन एकूण आठ माणसे झाली, आणि ती ४ ऑगस्ट १९४४ पर्यंत, म्हणजे दोन वर्षांहून थोडा अधिक काळ, तेथून बाहेर पडली नाहीत. कचेरी चालू असताना खाली माणसे काम करीत, तेव्हा वर पाऊल वाजवायचे नाही, नळ सोडायचा नाही, खोकलासुद्धा दाबायचा, असा तो दिनक्रम होता.

त्या घरातले पालकत्व कसे होते हे समजून घ्यायचे तर तेथील एका भिंतीकडे बारकाईने पाहावे लागते. वॉलपेपरवर पेन्सिलीने आडव्या रेघा ओढलेल्या आहेत आणि त्या आजही दिसतात. मुलींना भिंतीला पाठ टेकवून उभे करून त्यांची उंची नोंदवण्याचे, जगातल्या कोणत्याही घरात चालते तसे काम ओटो आणि एडिथ यांनी तेथेही चालू ठेवले होते. या काळात ॲनची उंची तेरा सेंटिमीटरहून अधिक वाढली. त्याच भिंतीवर रेघांच्या शेजारी ओटो यांनी नॉर्मंडीचा वर्तमानपत्रातला नकाशा लावला होता आणि दोस्त सैन्य जसजसे पुढे सरके तसतशा त्यावर टाचण्या टोचल्या जात. मुलगी किती वाढली आणि सुटका किती जवळ आली, ही दोन्ही मोजमापे एकाच भिंतीवर, हाताच्या अंतरावर होती. आईवडिलांची आशा कशी दिसते, हे सांगणारे याहून स्पष्ट चित्र शोधूनही सापडणार नाही.

ओटो यांनी मुलींचे शिक्षणही खंडित होऊ दिले नाही. त्यांना लपून राहण्यात मदत करणाऱ्या एका स्त्रीच्या नावावर पत्राद्वारे चालणारे अभ्यासक्रम मागवून लघुलेखन आणि लॅटिन शिकण्याची सोय झाली, ग्रंथालयातली पुस्तके आणवली जात, आणि ओटो यांच्या सूचनेवरून ॲनने वाचनातली आवडलेली वाक्ये उतरवून घेण्यासाठी एक निराळी वही घातली. लपायला जाण्याआधीच त्यांनी तिचा चित्रतारकांच्या छायाचित्रांचा संग्रह तेथे नेऊन ठेवला होता, त्यामुळे तिची खोली पहिल्याच दिवसांत तिची झाली. त्या खोलीत पुढे फेफर यांची खाट आली, आणि एका लहानशा मेजावरून तंटा सुरू झाला. आठवड्यातून दोन दुपारी ते मेज आपल्याला थोडा जास्त वेळ मिळावे एवढी चौदा वर्षांच्या ॲनची मागणी होती. फेफर यांनी ती धुडकावली, तिच्या लिहिण्याला काम म्हणून काही किंमतच दिली नाही, आणि शेवटी ओटो यांनी मध्ये पडून तिला ते मेज मिळवून दिले. जुलै १९४३ मधील ही नोंद इतिहासाच्या पुस्तकात येणार नाही, पण आईवडिलांनी ती दोनदा वाचावी अशी आहे. बाहेर माणसे पकडून नेली जात असताना एका बापाने मुलीच्या दीड तासाच्या मेजाचा प्रश्न क्षुल्लक मानला नाही, आणि आज जगाला माहीत असलेल्या मजकुराचा काही भाग त्या मेजावर लिहिला गेला.

वडिलांचे हे चित्र उजळ आहे, आणि नेमक्या याच कारणाने आईविषयी थोडे थांबून लिहिणे आवश्यक आहे. रोजनिशीत एडिथ यांना पदोपदी बोल लावलेला आहे. त्या समजून घेत नाहीत, टोचून बोलतात, मार्गॉटला झुकते माप देतात, ही तक्रार पहिल्या वर्षभरात पुन्हा पुन्हा येते. २ एप्रिल १९४३ च्या नोंदीत असा प्रसंग आहे की वडील यायला उशीर होता म्हणून एडिथ यांनी त्या रात्री ॲनबरोबर प्रार्थना म्हणण्याची तयारी दाखवली, ॲनने सरळ नकार दिला, आणि आई रडत खोलीतून बाहेर गेली. ॲनने हे सगळे लपवले नाही. आपल्यामुळे आई दुखावली हे तिला दिसत होते आणि तरीही माघार घेणे तिला खोटेपणाचे वाटत होते. जानेवारी १९४४ मध्ये वही चाळताना स्वतःच्याच या जुन्या नोंदी वाचून ती हादरली, आपण इतका द्वेष कसा केला असे तिने स्वतःला विचारले, आणि दोष दोन्हीकडे होता व आईवरचा ताण आपल्याला कळला नव्हता अशा अर्थाचे लिहिले. म्हणजे प्रार्थनेच्या त्या रात्रीपासून स्वतःकडे वळून पाहण्यापर्यंत नऊ महिने गेले. वयात येणारी मुलगी आईपासून स्वतःला तोडून घेते तेव्हा ती स्वतःचे निराळेपण चाचपून पाहत असते, असे मानसशास्त्र सांगते, आणि या विलगीकरणाला, म्हणजे मुलाने आईवडिलांपासून मनाने सुटे होण्याला, ते वाढीचा आवश्यक टप्पा मानते. पण शास्त्रातला ‘टप्पा’ हा शब्द रात्री दाराबाहेर रडणाऱ्या आईला दिलासा देत नाही. रोजनिशीतल्या या दोन नोंदी मागेपुढे ठेवून वाचल्या तर दिलासा मिळण्याची शक्यता अधिक आहे, कारण त्या तुटण्याला परतीची वाटही होती हे तेथे मुलीच्याच अक्षरात दिसते.

एडिथ यांना ते कधी वाचायला मिळाले नाही. ४ ऑगस्ट १९४४ रोजी आठही जणांना अटक झाली आणि सप्टेंबरमध्ये त्यांना ऑशविट्झच्या छळछावणीत नेण्यात आले. तेथे मायलेकी एकत्र होत्या, आणि बरोबरीच्या कैद्यांच्या आठवणींनुसार एडिथ यांनी आपल्या वाट्याची भाकर मुलींसाठी राखली व मुलींना त्वचारोगामुळे वेगळ्या बराकीत ठेवले तेव्हा भिंतीखालून ती आत सरकवली. मुलींना पुढे बर्गन-बेल्सनच्या छावणीत हलवण्यात आले. एडिथ मागे राहिल्या आणि ६ जानेवारी १९४५ रोजी वारल्या. रोजनिशी १ ऑगस्ट १९४४ ला संपते, त्यामुळे या आईची बाजू तिच्यात नाही. ‘ॲनची न समजणारी आई’ म्हणून एडिथ यांच्याकडे पाहण्याची जी रीत वाचकांमध्ये पडली आहे ती अन्यायाची आहे, असे या पुस्तकाचे स्पष्ट मत आहे.

आता ज्या गोष्टीवर हे सारे विवेचन उभे आहे तिच्याकडे वळता येईल. ॲनने लिहिलेली वही आणि पुढे सुटे कागद रात्री ओटो यांच्या पलंगाशेजारी असलेल्या बॅगेत ठेवले जात, आणि आपण ते वाचणार नाही असा शब्द ओटो यांनी तिला दिला होता. एकाच छताखाली, बाहेर जाण्याची सोय नसताना, मुलीच्या मनःस्थितीची काळजी वाटण्यासारखी पुष्कळ कारणे समोर असताना (उदासी आणि भीती यांवर ती रोज औषधाचे थेंब घेत असे), बॅग हाताच्या अंतरावर असताना, तो शब्द दोन वर्षे पाळला गेला. अटकेच्या दिवशी पोलीस अधिकारी कार्ल सिल्बरबाउअर याने पैसे आणि दागिने भरून नेण्यासाठी तीच बॅग उचलली आणि तिच्यातले कागद जमिनीवर ओतले. मीप गीस आणि बेप फोस्काउल या मदतनीस स्त्रियांनी ते त्याच दिवशी गोळा केले, आणि मीप यांनी ते ॲन परत आल्यावर तिलाच द्यायचे म्हणून कचेरीतल्या खणात न वाचता ठेवून दिले. आपण ते वाचले असते तर मदतनीसांची नावे त्यात असल्यामुळे जाळून टाकावे लागले असते, असे मीप यांनी पुढे सांगितले. तेव्हा ही रोजनिशी लिहिली गेली ती एका वडीलधाऱ्या माणसाने वाचली नाही म्हणून, आणि टिकली ती दुसऱ्या एका वडीलधाऱ्या माणसाने वाचली नाही म्हणून.

ओटो ऑशविट्झमधून जिवंत सुटले आणि ३ जून १९४५ रोजी ॲमस्टरडॅमला पोचले. आठांपैकी परतलेले ते एकटेच. जुलैमध्ये दोन्ही मुली बर्गन-बेल्सनला वारल्याचे कळले, तेव्हा मीप यांनी ते कागद त्यांच्या हाती दिले. ते वाचून ओटो यांना जी जाणीव झाली ती त्यांनी नंतर एका चित्रित मुलाखतीत सांगितली आहे : ॲनशी आपले संबंध अतिशय चांगले होते, तरीही तिच्या मनात इतके खोल विचार आणि इतकी कठोर आत्मपरीक्षा चालते हे आपल्याला ठाऊक नव्हते, आणि त्यावरून बहुतेक आईवडिलांना आपली मुले खरोखर माहीत नसतात असे आपल्याला वाटते. हे बोलणारा बाप दुर्लक्ष करणारा नव्हता. पंचवीस महिने तो मुलीपासून काही पावलांपलीकडे गेला नव्हता, तिला त्याने शिकवले, तिच्या मेजासाठी तो भांडला, तिची उंची त्याने भिंतीवर नोंदवली. तेव्हा सहवास वाढवला की मूल कळते, ही जी सर्वसाधारण समजूत आहे तिला या कबुलीने मोठा धक्का बसतो.

त्यावर सहज सुचणारा उपाय असा की मग वाचायला हवे होते. आणि आजच्या घरात रोजनिशीची जागा मोबाइलने घेतलेली असल्यामुळे मुलांचे संदेश गुपचूप पाहणारे आईवडील नेमक्या याच तर्काने वागत असतात. हे पुस्तक त्या तर्काशी सहमत नाही. बॅग उघडली गेली असती तर ओटो यांना मुलगी कळली नसती, कारण उघडली जाणाऱ्या वहीत तिने ते लिहिलेच नसते. मुलाच्या जिवाला किंवा शरीराला धोका आहे असे मानण्यासारखे ठोस कारण असेल तेव्हा आईवडिलांनी हस्तक्षेप करावा, आणि तो उघडपणे, मुलाला सांगून करावा. पण केवळ आपली धाकधूक शमवण्यासाठी मुलाच्या मनात शिरणे निराळे. आणखी एक गोष्ट येथे महत्त्वाची आहे. २८ मार्च १९४४ रोजी लंडनहून डच मंत्री बोल्केस्टाइन यांनी रेडिओवरून लोकांना आपल्या रोजनिश्या आणि पत्रे जपून ठेवण्याचे आवाहन केले, आणि ते ऐकून ॲनने मे महिन्यापासून आपली वही प्रकाशनासाठी नव्याने लिहायला घेतली. काही गाळले, काही वाढवले, माणसांची नावे बदलली. आपल्या मनातले काय जगाला दाखवायचे आणि काय नाही याचा निर्णय चौदा-पंधरा वर्षांच्या मुलीने स्वतः घेतला, आणि तो घेण्याइतकी ती वही तिची स्वतःची राहिली होती.

ओटो यांनी २५ जून १९४७ रोजी ही रोजनिशी डच भाषेत प्रसिद्ध करवली, तेव्हा ॲनचे दोन्ही खर्डे एकत्र करताना त्यांनी आई आणि इतर रहिवाशांविषयीचा काही कडवट मजकूर आणि शरीराच्या जाणिवांविषयीचा काही भाग गाळला. मृत पत्नीची अब्रू राखू पाहणाऱ्या माणसाला त्याबद्दल दोष देणे योग्य होणार नाही, परंतु पालक म्हणून वाचणाऱ्याने गाळीव आवृत्तीवर थांबू नये. १९८६ मध्ये हॉलंडमध्ये सर्व खर्डे शेजारी ठेवणारी चिकित्सक आवृत्ती निघाली, म्हणजे कोणते वाक्य कोणत्या खर्ड्यातले हे दाखवणारी आवृत्ती, आणि १९९१ पासून सर्वसामान्य वाचकांसाठीही अधिक पूर्ण पाठ मिळू लागला. आईवडिलांनी तो आधी स्वतः वाचावा, मग मूल तेरा-चौदा वर्षांचे झाले की त्याच्या हाती द्यावा, आणि वाचून झाल्यावर तू यातून काय शिकलास असे विचारू नये.

एक मर्यादा मात्र आरंभीच सांगितली पाहिजे. हॉलंडमधील सुमारे १ लाख ४० हजार ज्यूंपैकी १ लाखाहून अधिक मारले गेले, आणि ॲन व मार्गॉट त्यांतल्या दोघी होत्या. हे मरण कोणाच्याही संगोपनातल्या चुकीमुळे आले नाही आणि कोणत्याही शहाणपणाने टळले नसते; ते एका राज्याने ठरवून केलेल्या हत्येचा भाग होते. ही रोजनिशी घरगुती उपदेशाचे पुस्तक बनवून वाचली तर त्या हत्येचा विसर पडतो, आणि तसे होऊ नये यासाठी पुढील प्रत्येक प्रकरणात आधी इतिहास आणि मग घर असा क्रम ठेवला आहे.

शेवटी मार्गॉटविषयी. ती शांत, अभ्यासू, कोणाला त्रास न देणारी मुलगी होती. आईवडिलांना तिची काळजी क्वचितच वाटे, आणि ॲनच्या नोंदींत ती बहुधा तुलनेसाठी येते. अशी मुले प्रत्येक घरात असतात, आणि त्यांना काही सांगायचे असेल असे सहसा कोणाच्या मनात येत नाही. मार्गॉटही त्या घरात रोजनिशी लिहीत होती, असे ॲनने १९४२ च्या ऑक्टोबरमध्ये नोंदवून ठेवले आहे. ती वही आजवर सापडलेली नाही.